ऑफिसच्या हॉलिडे पार्टीत बक्षीस लागले तर

(अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी मंडळातल्या कुटुंबांनी लिहून दिलेली माहिती. जशी आली तशी छापली आहे. सीक्रेट सँटावर लिहायला कुणी पुढे आले नाही.)

एडिसन, न्यू जर्सी

निमंत्रणात ‘प्लस वन’ असेल तरच जोडीदाराला न्यावे. मुलांचा उल्लेख नसेल तर मुले घरी.

दारात रॅफलचे जोडतिकीट मिळते. अर्धे डब्यात टाकावे, अर्धे जपावे. नंबर पुकारताना तुम्ही हजर नसाल तर बहुतेक ठिकाणी दुसरे तिकीट काढतात, म्हणून जेवण उरकून लगेच निघू नये. बक्षीस सगळ्यांसमोर उघडावे. आपल्यासारखे पिशवीत सरकवले तर आवडले नाही असे वाटते.

‘व्हाइट एलिफंट’मध्ये दुसऱ्याच्या हातातली वस्तू पळवणे हाच खेळ. आपली गेली तर रुसू नये.

कर: मग, टोपी, चॉकलेटचा डबा असल्या किरकोळ वस्तूंवर नाही. कंपनीने दिलेले गिफ्ट कार्ड मात्र कितीही छोटे असो, रोख पगारच धरला जातो आणि डब्ल्यू-2 मध्ये दिसतो. अशा रकमेवर केंद्राचा कर बहुधा सरसकट 22 टक्के कापतात; सोशल सिक्युरिटी 6.2, मेडिकेअर 1.45. म्हणजे 50 डॉलरच्या कार्डामागे जवळपास 15 डॉलर, राज्याचा कर वेगळा. काही कंपन्या हा भार स्वतः उचलतात. ओपीटीवरच्या एफ-1 विद्यार्थ्यांना साधारणपणे पहिली 5 कॅलेंडर वर्षे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर लागू नाही. कापले असेल तर पेरोलला विचारावे.

सॅन होजे, कॅलिफोर्निया

करबिर ठीक आहे, पण बक्षीस घरी आणल्यावर आधी देवापुढे ठेवता का? पहिला पगार ठेवला होता ना? हल्लीच्या मुलांना मंडळाच्या गणपतीत आरतीला उभे राहायला वेळ नसतो, ऑफिसात सँटाची टोपी घालून नाचायला असतो. नाचा, पण आरतीलाही या.

सुगंधी मेणबत्त्या दरवर्षी कुणा ना कुणाला लागतातच. मी त्या साठवून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटते. कुणी नावे ठेवली तर ठेवू देत. हॅमचे कूपन लागले तर शाकाहाऱ्यांनी बोभाटा न करता फूड बँकेला द्यावे.

नेपरविल, इलिनॉय

मला गिफ्ट कार्ड लागले. टाळ्या, फोटो, सगळे झाले. दुकानात गेल्यावर कळले की विकताना काउंटरवर ते चालूच केलेले नव्हते. दुकान म्हणे कार्डाच्या कंपनीला फोन करा. कंपनी म्हणे खरेदीची मूळ पावती पाठवा. पावती एचआरमधल्या बाईंकडे. त्या आधी सुट्टीवर, मग नोकरीच सोडून गेल्या. अकाउंट्सवाले म्हणाले, रीतसर तिकीट उघडा. उघडले, तर ‘माहिती अपुरी’ म्हणून बंद केले! आणि जानेवारीच्या पगारात त्या मेलेल्या कार्डावरचा कर मात्र बिनचूक कापलेला. बायको म्हणाली, सोडा आता. का सोडायचे? नवे कार्ड हातात पडेपर्यंत मार्च उजाडला.

तेव्हा कार्ड मिळताच दोन्ही बाजूंचा फोटो काढा. मागची पट्टी आधीच कुणी खरवडलेली नाही ना, बघा. शिल्लक त्याच रात्री तपासा. आणि खरेदीच्या पावतीची प्रत ज्यांनी कार्ड आणले त्यांच्याकडून मागून घ्या, ते लोक अजून नोकरीत आहेत तोवर.