लाल दिवा लागलाच नाही तर?

उमरीच्या शिवारात शेततळे खोदणारे पोकलेन तुम्ही पाहिले असेल. चालकाने चावी फिरवली की समोर बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. तो लागलाच नाही, तर ‘बरे झाले’ असे समजू नका!

अल्टरनेटरमध्ये तारेच्या वेटोळ्यांच्या आत चुंबक फिरतो आणि वेटोळ्यांत वीज निर्माण होते. हे तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ साली शोधले. मात्र हा विद्युतचुंबक असतो. त्याला जागे करण्यासाठी आधी थोडी वीज हवी. अनेक यंत्रांत ती बॅटरीकडून या दिव्यातूनच येते. दिवा जळाला, की धडधाकट अल्टरनेटरही बहुधा नुसताच फिरतो. आणि लोक हजारो रुपये मोजून अल्टरनेटर बदलतात!

जाणता मिस्तरी आधी इंजिन बंद ठेवून पट्ट्याचा ताण, बॅटरीच्या टोकांवरचा गंज आणि हा दिवा पाहतो. मग व्होल्टमीटर लावतो. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असल्या, तर इंजिन बंद असताना सुमारे २५ आणि चालू असताना २८ च्या आसपास आकडा दिसावा. तो चढला नाही, म्हणजे चार्जिंग होत नाही. काही जण चालू इंजिनावरच बॅटरीची तार काढून परीक्षा घेतात. ही रीत घातक! व्होल्टेज एकदम उसळते आणि अल्टरनेटरमधील डायोड जळतात.