दारच्या कुत्र्या-मांजरांची निगा आणि पशुवैद्यकीय सहायक

गोठ्यातील गाय आजारी पडली म्हणजे घरातील सर्व माणसे अस्वस्थ होतात आणि पशुवैद्यकाला तातडीने निरोप जातो. ओसरीवरच्या कुत्र्याचे तसे नसते. उरल्यासुरल्या भाकरीवर तो वाढतो, रात्री राखण करतो आणि आजारी पडल्यास स्वतःच कोठेतरी आडोशाला जाऊन पडतो. वस्तुतः घरातील मुलाबाळांचा सर्वांत निकटचा सहवास याच प्राण्याशी असतो. त्याच्या आरोग्याची हेळसांड माणसाच्या जिवावर बेतू शकते, ही गोष्ट मात्र अजून पुरेशी ध्यानात घेतली जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजमुळे जगात दरवर्षी सुमारे 59,000 माणसे मृत्युमुखी पडतात आणि त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू एकट्या भारतात होतात. माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याच्या चाव्यातून येतो. संशयित जनावराने चावा घेतलेल्यांत सुमारे 40 टक्के मुले 15 वर्षांखालील असतात. एकदा लक्षणे दिसू लागली की या रोगावर खात्रीचा इलाज नाही. याउलट, कुत्र्याला वेळेवर लस टोचणे हे अत्यंत अल्प खर्चाचे काम आहे. मग अडते कोठे?

लुई पाश्चर यांनी 6 जुलै 1885 रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस प्रथम दिली. त्या घटनेच्या स्मरणार्थ 6 जुलै हा दिवस प्राणिजन्य रोग दिन म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने ठिकठिकाणी लसीकरण शिबिरे भरतात. 2024 मध्ये अशाच एका शिबिराचे वृत्त घेण्यासाठी प्रस्तुत लेखक एका लहान गावी गेला होता. फीत कापली गेली, भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. पाहुण्यांच्या गाड्या गेल्यानंतर खऱ्या कामास प्रारंभ झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. आमच्या खात्याची माणसे सहसा त्याआधीच निघालेली असतात.

पशुधन पर्यवेक्षक बर्फाच्या डब्यातील लस घेऊन शाळेच्या पटांगणात बसले होते. लसीची कुपी प्रत्यक्ष बर्फाला लागू नये म्हणून त्यांनी मध्ये जाड कागद घातला होता. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानात राहावी लागते. ती उन्हाने जशी बिघडते तशीच गोठल्यानेही निकामी होते. एक वृद्ध बाई नातवाला घेऊन नुसती पाहावयास आली होती. नातवाच्या काखेत पिल्लू होते.

"आजी, पिल्लू किती महिन्यांचं?" पर्यवेक्षकांनी विचारले.

"तीन म्हैने झाले की. पण एवढ्याशा पिलाला कसली सुई? मोठं झालं की बघू."

"आणि बाळाच्या हातावर हे काय लागलंय?"

"ह्याचंच दात लागलं, खेळता खेळता. काल लागलं. हळद लावलीया."

पर्यवेक्षकांनी सुई खाली ठेवली. पिलाची आई कोठे आहे, तिला कधी लस दिली होती काय, असे त्यांनी विचारले. लस कधीच दिली नव्हती आणि कुत्री पंधरा दिवसांपासून दिसत नव्हती. तेव्हा त्यांनी पिलाला लस देण्याचे थांबविले. पिलाला दहा दिवस बांधून ठेवावे, त्याचे खाणेपिणे व वागणूक रोज पाहावी, काही फरक दिसल्यास त्वरित कळवावे, असे त्यांनी सांगितले. या काळात लस दिली आणि पिल्लू त्यानंतर मलूल झाले तर ते लसीमुळे की रोगामुळे, हे ओळखणे अवघड होते. मुलाच्या बाबतीत मात्र दहा दिवस थांबावयाचे नव्हते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून त्याला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेण्यास त्यांनी बजावले.

एवढ्यात मुलाची आई आली आणि पोटात चौदा सुया घ्याव्या लागतील म्हणून रडू लागली. ही भीती अजूनही घरोघरी आहे. ती जुनी लस आपल्या देशात 2005 पासून वापरात नाही. आता शासकीय रुग्णालयांत दंडावर त्वचेमध्ये लस टोचतात. पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी ती पुन्हा घ्यावी लागते, आणि जखम रक्त येण्याइतकी असेल तर जखमेत प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही देतात. पर्यवेक्षकांनी हे सर्व त्या माउलीला न रागावता, दोन वेळा समजावून सांगितले. रांगेतील लोक खोळंबले होते, तरी त्यांनी घाई केली नाही. पुढे चौकशी करता कळले की पिल्लू ठणठणीत राहिले आणि अकराव्या दिवशी पर्यवेक्षकांनी त्याच्या घरी जाऊन लस दिली.

इंग्लंडमध्ये हे काम करणाऱ्या परिचारिकांचा एक स्वतंत्र व्यवसायच आहे. पशुवैद्यकांच्या तेथील संस्थेने 1961 मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाची व नोंदणीची योजना सुरू केली. लसीच्या तारखा, वजन, दात, आहार यांविषयी मालकाशी बसून बोलणे हा त्यांच्या कामाचा मोठा भाग असतो. आपल्याकडे हाच भार पशुधन पर्यवेक्षक, व्रणोपचारक आणि परिचर यांच्यावर आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 अन्वये पदविका किंवा प्रमाणपत्र धारण करणाऱ्या अशा सहायकांना नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली व मार्गदर्शनाखाली किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येतात. रोगाचे निदान व शस्त्रक्रिया हे पशुवैद्यकाचे क्षेत्र होय. परंतु पशुवैद्यकाकडे मालक येतो तो जनावर आजारी पडल्यावर. आजारापूर्वीचे जे बोलणे असते ते बहुधा सहायकाशीच होते.

काय सांगावे लागते

लसीखालोखाल महत्त्वाचा विषय जंताचा. पिलाच्या पोटात गोल जंत आईच्या गर्भातूनच येतात आणि आकडेकृमी तिच्या दुधातून. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासूनच जंतनाशक सुरू करावे लागते. ते तीन महिन्यांपर्यंत दर पंधरवड्याला, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा आणि नंतर दर तीन महिन्यांनी द्यावे. मात्रा वजनावर ठरते. पिलाच्या विष्ठेतील अंडी अंगणातील मातीत मिसळतात आणि त्याच मातीत मुले खेळतात, हे सांगितल्यावर मालकाची टाळाटाळ बरीच कमी होते, असा पर्यवेक्षकांचा अनुभव आहे.

गोचिडांच्या बाबतीत वेगळाच धोका आहे. बैलाच्या अंगावर मारण्यासाठी आणलेले औषध उरले की ते अंदाजाने कुत्र्यावर ओतले जाते, कधी मांजरावरही. परमेथ्रिन हे गोचीडनाशक मांजराला विषासारखे बाधते. तसेच ताप आला म्हणून घरातील पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देणे म्हणजे त्याचा जीव घेणे होय. ही माहिती मालकाला औषधाच्या दुकानात कोणी देत नाही. ती सहायकाने, न विचारता, दिली पाहिजे.

पार्व्हो या रोगाने रक्ताची हगवण लागून पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावतात. त्याची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होते व तिच्या पुढील मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने द्याव्या लागतात. रेबीजची पहिली लस तीन महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी सुमारे महिन्याने आणि त्यानंतर पशुवैद्यक सांगेल त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी. नेमकी दुसरी लसच चुकते. उपरोक्त शिबिरातील पर्यवेक्षक कार्डावर तारीख लिहीत, पण तोंडाने "नागपंचमीच्या आधी या" असे सांगत. कार्ड हरवते, सण हरवत नाही.

पंचायतीचे काम

गोव्यात 2014 पासून राज्य शासन व स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने घरोघर जाऊन कुत्र्यांचे लसीकरण, शाळांतून मुलांना शिक्षण आणि संशयित जनावरांचा शोध अशी तिहेरी मोहीम चालविण्यात आली. मानवी मृत्यू थांबल्याने 2021 मध्ये ते रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. केंद्र शासनाने त्याच वर्षी 28 सप्टेंबर रोजी जाहीर केलेल्या राष्ट्रीय कृती आराखड्यात 2030 पर्यंत कुत्र्यांमुळे होणाऱ्या रेबीजचे उच्चाटन हे उद्दिष्ट ठेवले आहे.

यासाठी किमान 70 टक्के कुत्र्यांना, आणि तेही वर्षानुवर्षे, लस मिळावी लागते. गावात 120 कुत्री असतील तर 84. पण वर्षभरात काही मरतात, नवी पिल्ले जन्मतात, आणि न टोचलेल्यांची संख्या आपोआप वाढते. गतवर्षीच्या 84 वर यंदा समाधान मानता येत नाही. म्हणूनच कुत्र्यांची नोंदवही हवी: मालक, वय, लसीची तारीख, व्यालेली कुत्री. एक शंभर पानी वही पुरे. ही वही पर्यवेक्षकाने एकट्याने ठेवावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, कारण त्यांच्याकडे अनेक गावे व हजारो गुरे असतात. सदर गावात ते काम सातवीच्या वर्गाने घेतले. मुलांनी दोन शनिवारी आळीआळीने फिरून नोंद केली तेव्हा पंचायतीच्या अंदाजापेक्षा बरीच अधिक कुत्री निघाली. दुसऱ्या मात्रेच्या आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीने दवंडी दिली आणि शिक्षकांनी वहीतील नावे वर्गात वाचून दाखविली. सकाळी पर्यवेक्षक बर्फाचा डबा घेऊन आले तेव्हा पटांगणात दोऱ्या धरून मुले आधीच उभी होती.