घर घेण्यापूर्वी

[जमीन किंवा घर घेताना हाती येणारे कागद बहुतेक मराठीत असतात. ते कसे वाचावेत, हे कर्जत-खालापूर भागातील एका कुटुंबाच्या अनुभवावरून या पाठात सांगितले आहे.]

जून महिना संपत आला होता. शाळा नुकतीच सुरू झाली होती. नववीच्या वर्गातला मराठीचा तास संपला आणि मुले डबे उघडू लागली. तेवढ्यात एक विद्यार्थिनी माझ्या टेबलाजवळ आली. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता.

“सर, हा कागद समजावून सांगाल का? अब्बा कर्जतजवळ दोन गुंठे जागा घेणार आहेत. उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर पन्नास हजार बयाना द्यायचा आहे. घरात मराठी वाचणारी मीच. अब्बा म्हणाले, शाळेत शिकतेस ना, मग वाच. मी वाचले, पण अर्थ लागला नाही.”

तिचे अब्बा खोपोलीत वेल्डिंगचे काम करतात. हे कुटुंब भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. अकरा वर्षांच्या बचतीतून जागा घ्यायची ठरली होती. मी कागद उघडला. तो सातबाराचा उतारा होता.

विद्यार्थ्यांनो, सातबारा हे नाव तुम्ही ऐकले असेल. गावच्या महसुली दप्तरात अनेक नमुने असतात. त्यांतला नमुना सात जमीन कोणाच्या नावावर आहे आणि तिच्यावर कोणाकोणाचे अधिकार आहेत, हे सांगतो. नमुना बारा त्या जमिनीत कोणते पीक घेतले, हे सांगतो. दोन्ही एकाच कागदावर येतात, म्हणून सातबारा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे हे दप्तर ठेवले जाते. पूर्वी उताऱ्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालावे लागत. आता डिजिटल सहीचा उतारा शासनाच्या संकेतस्थळावरूनही मिळतो. म्हणून दलालाने दिलेल्या झेरॉक्सवर विसंबू नये. आपला उतारा आपण काढावा.

मी तिला म्हणालो, “यातला अर्धा कागद तुला आधीच येतो.” आणि फळ्यावर शब्द लिहीत गेलो : जमीन, मालक, हक्क, हद्द, नकाशा, तारीख, वारस, कब्जा, दस्त, खरेदी. मुले हसू लागली. हे तर आपलेच शब्द! जिरायत म्हणजे पावसावरची शेती, उर्दूतली ‘जिराअत’. बागायत म्हणजे पाणी देऊन केलेली शेती, तिच्यात बाग आहेच. खरेदीखत म्हणजे विक्रीचा लेखी दस्त. त्यातले ‘खत’ म्हणजे आपले पत्रच, शेतात टाकायचे खत नव्हे.

पण सगळेच शब्द असे सरळ नसतात. त्या मुलीने ‘आकार’ या शब्दाखालचा आकडा वाचला आणि तेवढी जागा मोठी आहे असे समजली. सातबारात आकार म्हणजे जमिनीवरचा सरकारी सारा, रुपयांत. जागा किती, हे ‘क्षेत्र’ या शब्दापुढे पाहायचे. ‘तक्रार’ हा शब्दही असाच फसवतो. उर्दूत तकरार म्हणजे हुज्जत, वाद. मराठीत तक्रार म्हणजे शिकायत. कार्यालयात जाऊन “मला तक्रार करायची आहे” असे म्हटले, तर कोणी भांडायला उठत नाही, अर्जाचा कागद पुढे करतात.

क्षेत्राचा हिशेब सोपा आहे. उताऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे आकडे असतात. १०० चौरस मीटर म्हणजे १ आर. १०० आर म्हणजे १ हेक्टर. आपण बोलतो तो गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १ आरपेक्षा किंचित मोठा. ४० गुंठ्यांचा एकर होतो.

मग आम्ही नावे वाचली. जमिनीच्या कब्जेदाराला सातबारात भोगवटादार म्हणतात. त्या उताऱ्यावर चार भोगवटादार होते. आडवी रेघ मारलेले किंवा कंसात घातलेले नाव असेल, तर त्या माणसाची नोंद रद्द झालेली असते. इथे चारही नावे कायम होती. विकायला मात्र एकटाच पुढे आला होता. बाकीच्या तिघांची संमती कुठे होती? नावापुढे फेरफार क्रमांक असतो. हे नाव कधी आणि कशामुळे लागले, वारसाने की खरेदीने, हे त्या क्रमांकाच्या फेरफारात लिहिलेले असते. तो फेरफारही मागून घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाचा रकाना : ‘कुळ, खंड व इतर अधिकार’. लोक जागेचा भाव दहा वेळा विचारतात, पण हा रकाना एकदाही वाचत नाहीत. बँकेचे कर्ज असेल तर ‘बोजा’ म्हणून इथे लिहिलेले असते. कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर विक्रीची बंधने असतील, तर तीही इथेच दिसतात. वर ‘भोगवटादार वर्ग २’ असे असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती जमीन विकता येत नाही.

मुलीने बोट ठेवून वाचले : “कलम ३६ अ...” आणि ती थांबली.

मी तिला सांगितले, ही जमीन आदिवासी खातेदारांची आहे. अशी जमीन बिगर-आदिवासी माणसाला घ्यायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आणि त्यासाठी आधी राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते. शिवाय तिचे अब्बा शेतकरी नाहीत. कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. दोन गुंठ्यांचा तुकडा पाडायचा, तर तुकडेबंदीचा १९४७ चा कायदाही आडवा येऊ शकतो. त्यात वेळोवेळी बदल आणि सवलती झाल्या आहेत, म्हणून चालू नियम तहसील कार्यालयात विचारावा, दलालाला नव्हे.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दलालही आला होता. तो गोड बोलत होता. “भाईजान, काळजी कशाला? रजिस्ट्री होत नाही, पण नोटरी करून देतो. मालकाचे मुखत्यारपत्र घेऊन ठेवा. इथे सगळे असेच करतात.”

मुखत्यारपत्र म्हणजे आपला मुख्तारनामा. दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचा अधिकार त्याने मिळतो, मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हे स्पष्ट सांगितले आहे. नोटरीचा शिक्काही मालकी देत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे जागेच्या खरेदीखताची नोंदणी व्हावी लागते. ती ज्या जागेची होत नाही, ती जागा आपली होत नाही.

अब्बा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आदमी तर चांगला वाटतो.” असेलही. मला दुसरेच वाटत होते. आमच्या डोंगरांच्या पायथ्याशी ठाकूर आणि कातकरी लोकांच्या वाड्या आहेत. अडीअडचणीला थोड्या पैशांत अंगठा देऊन यांच्यासारख्यांच्या जमिनी गेल्या. त्या परत देण्यासाठी १९७४ साली वेगळा कायदा करावा लागला. कलम ३६ अ आपल्याला अडवण्यासाठी लिहिलेले नाही, त्यांना वाचवण्यासाठी लिहिलेले आहे. आपण भाड्याच्या घरात त्रासलो, म्हणून दुसऱ्याची जमीन अशी घ्यावी का? (मी स्वतः अजून भाड्याच्याच घरात राहतो, हेही सांगून टाकतो.) बयाना दिला गेला नाही.

मग त्यांनी जागेचा नाद सोडला आणि तयार घरे पाहायला सुरुवात केली. मुलीने वहीत उर्दूत प्रश्नांची यादी केली. एका नव्या इमारतीच्या कार्यालयात ती उजवीकडून डावीकडे वाचू लागली, तेव्हा तिथला विक्रेता हसला. दुसऱ्या प्रश्नानंतर त्याचे हसू गेले.

पहिला प्रश्न महारेरा क्रमांकाचा होता. २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात महारेरा हे प्राधिकरण आले. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचा आणि आठपेक्षा जास्त सदनिकांचा नवा प्रकल्प तिथे नोंदवल्याशिवाय विकता येत नाही. क्रमांक मिळाला की मंजूर नकाशा आणि ताबा देण्याची तारीख घरबसल्या पाहता येते. दुसरा प्रश्न क्षेत्राचा. जाहिरातीत ६५० चौरस फूट होते. कराराच्या मसुद्यात चटई क्षेत्र ३८.१० चौरस मीटर निघाले. त्याला १०.७६४ ने गुणून पाहा : ४१० चौरस फूट. चटई क्षेत्र म्हणजे भिंतींच्या आतली, वापरता येणारी जागा. पैसे तिचेच मोजावेत. तिसरा प्रश्न पैशांचा. घराची किंमत २४ लाख होती आणि ते कराराआधी ५ लाख मागत होते. कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. इथे ती २ लाख ४० हजार होते.

या घराचे पुढे काय झाले? त्याला नकार पावसाने दिला.

आमच्या भागात घर उन्हाळ्यात पाहू नये, असे माझे मत आहे. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात पाहावे. मे महिन्यात नळाला पाणी किती वेळ येते ते कळते, जुलैत नदी कुठवर येते ते कळते. त्या इमारतीजवळच्या चहावाल्याने आपल्या भिंतीवरची खूण दाखवली. २६ जुलै २००५ च्या पुराचे पाणी तिथवर आले होते. उल्हास, पेज आणि पाताळगंगा या नद्या उन्हाळ्यात गरीब दिसतात. नदीकाठी पाटबंधारे खात्याची पूररेषा ठरलेली असेल, तर ती विचारावी. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नेरळकडे, माथेरानच्या पायथ्याशी घर पाहत असाल, तर आणखी एक गोष्ट विचारा. केंद्र शासनाने ४ फेब्रुवारी २००३ रोजी माथेरान परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. तिथे बांधकामावर बंधने आहेत.

आणि डोंगर? खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी तुम्हांला माहीत आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाची दरड या ठाकूर वाडीवर कोसळली. २७ जणांचे मृतदेह सापडले. ५७ जण सापडलेच नाहीत. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. त्या लोकांनी जागा निवडून विकत घेतली नव्हती, ते पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत होते. आपल्याला मात्र निवडता येते. घरामागचा डोंगर कापलेला आहे का, पाणी जायला वाट आहे का, हे कोणत्याही उताऱ्यावर लिहिलेले नसते. ते चालत जाऊन बघावे लागते आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागते.

शेवटी डिसेंबरात त्यांना खोपोलीतच एका जुन्या इमारतीत घर मिळाले. लहान आहे, तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. पण इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र होते, म्हणजे राहण्यास योग्य असल्याचा नगरपरिषदेचा दाखला. सोसायटीची बाकी नव्हती. वकिलाने ३० वर्षांच्या नोंदी तपासून अहवाल दिला. त्याची फी देताना अब्बा कुरकुरले, पण दिली. घर दोघांच्या नावावर घ्यायचे ठरले, अब्बा आणि अम्मी. यात माझा थोडा आग्रह होता.

नोंदणीच्या दिवशी मीही दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात साक्षीदार म्हणून गेलो. गर्दी होती. दस्ताची माहिती संगणकावर भरून झाली आणि तपासण्यासाठी एक छापील प्रत हातात आली. अब्बा लगेच सही करणार होते. मुलीने प्रत ओढून घेतली आणि भिंतीला टेकून वाचू लागली. मागचे लोक घाई करत होते.

“सर, अम्मीच्या नावात ‘ज’ पाहिजे. इथे ‘झ’ आहे.”

आधारकार्ड काढून पाहिले. तिचे बरोबर होते. खिडकीतल्या माणसाने काही न बोलता अक्षर दुरुस्त केले आणि नवी प्रत काढली. ती तिने पुन्हा वाचली. मग अब्बांनी मराठीत सही केली, अम्मीने उर्दूत.

स्वाध्याय

१. मुलीने ‘आकार’ या शब्दाचा कोणता अर्थ घेतला होता? खरा अर्थ कोणता?
२. बयाना का दिला गेला नाही? तुमच्या शब्दांत लिहा.
३. मराठीत आणि उर्दूत अर्थ वेगळा असलेले आणखी तीन शब्द शोधा आणि वाक्यांत वापरा.
४. घरातील एखादा मराठी कागद (वीजबिल, शिधापत्रिका, भाडेकरार) वर्गात आणा व मोठ्याने वाचा.