अकोले तालुक्यातील रानफुलांचा बहर

अहिल्यानगर जिल्हा म्हटला की अवर्षण, ऊस आणि साखर कारखाने डोळ्यांसमोर येतात. जिल्ह्याच्या पश्चिमेस, अकोले तालुक्यात मात्र सह्याद्रीची मुख्य रांग आहे. वसंतात पळस, पांगारा व काटेसावर फुलतात, ती रस्त्यावरूनही दिसतात. भूमीलगतच्या रानफुलांचा खरा बहर पाहावयाचा तर पाऊस ओसरू लागताच, सप्टेंबरात जावे.

संगमनेर, अकोले, राजूर या मार्गाने सकाळी निघाल्यास भंडारदरा परिसर पाहून सायंकाळी परतता येते. १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणाभोवतीचे उतार सोनकीने पिवळे आणि तेरड्याने गुलाबी झालेले असतात. कारवी मात्र सुमारे सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते व वाळून जाते. तिच्याच काठ्यांचे कूड शेणमातीने लिंपून डोंगरी घरांच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. तेथे फूल खुडू नये, हे बहुतेकांस ठाऊक असते. पाय कोठे पडतो, याचा विचार क्वचितच होतो. तेरडा एका पावसाळ्याचा सोबती. बी पिकण्यापूर्वी तो तुडवला गेला, तर पुढील वर्षी उगवणार काय? छायाचित्रासाठी ताटव्यात बसणारे हौशी पर्यटक म्हणूनच अधिक हानी करतात. ग्रामपंचायतींनी वाहनतळ फुलांच्या पठारापासून दूर ठेवावा व एकच पायवाट आखून द्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांस तेरड्याचे पिकलेले बोंड दाखवावे. बोट लागताच ते फुटून बी दूर उडते.