वाकनीस

मुलांनो, वारंगा फाट्यावर तुम्ही कधीतरी एसटीची वाट पाहत उभे राहिला असाल. एक रस्ता अर्धापूरवरून नांदेडला जातो, दुसरा हदगावकडे, तिसरा आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला. शब्दांनाही असेच फाटे फुटतात.

मागे वर्गात इतिहासाचा एक उतारा वाचताना 'वाकनीस' हा शब्द आला. एका मुलाने अर्थ सांगितला, "जो वाकून काम करतो तो." वर्ग हसला. खरे सांगायचे तर मीही हसलो. त्यानंतर आठवडाभर त्याने मराठीच्या तासाला तोंड उघडले नाही. वास्तविक या शब्दाचा अर्थ त्यालाही ठाऊक होता. फक्त ओळख पटली नव्हती.

आता तुम्हीच तो शब्द सावकाश म्हणून पाहा. वाकनीस, वाकेनवीस, वाकिआ-नवीस! 'वाकिआ' म्हणजे घडलेली गोष्ट. हा शब्द तुम्ही घरी नेहमी बोलता. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. खुशनवीस, अफसानानवीस हे शब्द तुम्ही उर्दूत ऐकले आहेत. तेव्हा घडलेले लिहून ठेवणारा तो वाकनीस. मुघलांच्या काळी वाकिआनवीस सुभ्यातील बातम्या लिहून बादशहाला कळवीत. शिवाजी महाराजांकडे दत्ताजी त्रिंबक हे वाकनीस होते. १६७४ साली राज्याभिषेक झाला, तेव्हा या पदाला 'मंत्री' हे संस्कृत नाव मिळाले. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश'ही महाराजांनी तयार करविला. तरी लोकांच्या तोंडून 'नवीस' गेला नाही, झिजून 'नीस' तेवढा झाला. पारसनीस म्हणजे फारसी पत्रव्यवहार पाहणारा. चिटणीस हा तर मजेदार शब्द आहे : त्यातली 'चिठ्ठी' इथली आणि 'नवीस' इराणचा! पक्षाचा सरचिटणीस आजही वर्तमानपत्रात भेटतो. 'फडणवीस' या आडनावात 'नवीस' अजून पूर्ण आहे. आधीचा भाग 'फर्द' म्हणजे कागद की 'फड' म्हणजे कचेरी, याविषयी मात्र दोन मते आहेत. वाकनीस हे पद गेले, आडनाव उरले.

त्या मुलाला मी हे सारे सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "सर, मग सबनीस म्हणजे कोण?"

"कपाटात शब्दकोश आहे, काढ," मी म्हटले.

स्वाध्याय : 'पोतनीस' आणि 'सबनीस' हे शब्द मराठी शब्दकोशात शोधा. शेवटी 'नवीस' असलेले उर्दूतील चार शब्द देवनागरीत लिहा.