शिरक्याची परीक्षा

स्वयंपाकाच्या उपयोगासाठीं बाजारांतून शिरका घरोघर येतो. समजा, दोन दुकानांतून आणलेल्या दोन बाटल्या मेजावर शेजारीं शेजारीं ठेविल्या आहेत. दोहोंचा रंग सारखा, दोहोंचा वास सारखाच उग्र आणि दोहोंची किंमतहि एकच. तथापि त्यांपैकीं एकींत विक्रेत्यानें पाणी घातलें असेल, तर तें ओळखावें कसें? जीभ आंबटपणा सांगते, पण त्याचें माप सांगत नाहीं. बाटली तराजूंत घातली तर अम्ल व पाणी यांचें वजन एकत्रच होतें. हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नव्हे, तो व्यवहारांतील सचोटीचा आहे; कारण भारतांत शिरक्याच्या १०० मिलिलिटरांत निदान ३.७५ ग्रॅम ॲसिटिक अम्ल असलें पाहिजे, असा नियम आहे. ज्या रीतीनें याचा निर्णय होतो तिला अनुमापन म्हणतात. तिचें थोडक्यांत विवेचन करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

ही कल्पना जुनी आहे. स्कॉटलंडमध्यें कापड धुवून पांढरें करण्याच्या धंद्यांत राखेपासून काढलेला क्षार वापरीत. त्याची शक्ति कमीअधिक असे. एडिंबरो येथील वैद्य फ्रान्सिस होम यांनीं १७५६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशी युक्ति सांगितली कीं, क्षारावर सौम्य नायट्रिक अम्ल चमच्याचमच्यानें घालावें आणि फसफसणें थांबेपर्यंत किती चमचे लागले तें मोजावें. पुढें १७९२ सालीं जर्मन रसायनज्ञ रिख्टर यांनीं, पदार्थ ठराविक प्रमाणांतच परस्परांशीं संयोग पावतात या विचाराच्या शास्त्रास ‘स्टॉइकिऑमेट्री’ असें ग्रीक शब्दांवरून नांव दिलें. चमच्याची जागा खुणा केलेल्या कांचनळीनें घेतली. ब्यूरेट व पिपेट हीं तिच्या जातीच्या उपकरणांचीं नांवें फ्रेंच रसायनज्ञ गे-ल्युसॅक यांनीं १८२४ सालीं योजिलीं.

सर्व रीतीचा पाया हें ठराविक प्रमाणच होय. ॲसिटिक अम्लाच्या एका मोलाचें वजन ६० ग्रॅम व कॉस्टिक सोड्याच्या एका मोलाचें ४० ग्रॅम. या दोहोंचा संयोग मोलास मोल असा होतो. म्हणून ६० ग्रॅम अम्लाची आम्लता घालविण्यास बरोबर ४० ग्रॅम सोडा लागतो. अधिक नाहीं, उणा नाहीं. अर्थात् सोडा किती खर्च झाला हें कळलें कीं अम्ल किती होतें हें न तोलतांच कळतें.

आतां कृति पाहूं. २५ मिलिलिटर शिरका घेऊन ऊर्ध्वपातित पाण्यानें त्याचे २५० मिलिलिटर करावे. त्यांतील २५ मिलिलिटर पिपेटनें शंकुपात्रांत घ्यावे. पिपेट तोंडानें ओढूं नये. रबरी फुगा वापरावा. त्यांत फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे दोन थेंब घालावे. अम्लांत त्यास रंग नसतो. ब्यूरेटमध्यें लिटरास ४ ग्रॅम या प्रमाणाचें सोड्याचें द्रावण भरावें. सोडा हवेंतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, म्हणून त्याच्या वजनावर विसंबून न राहतां तें द्रावण स्फटिकरूप ऑक्झॅलिक अम्लाशीं आधीं पडताळून घ्यावें. मग सोडा हळूहळू सोडीत पात्र फिरवीत राहावें. जेथें थेंब पडतो तेथें गुलाबी छटा उमटते व विरते. शेवटीं एका थेंबानें फिकट गुलाबी रंग सर्वत्र येतो आणि अर्धा मिनिट टिकतो, तेथेंच थांबावें.

समजा, पहिल्या बाटलीच्या द्रावणास १६.५ मिलिलिटर सोडा लागला. त्यांत ०.०६६ ग्रॅम सोडा असतो. त्यास ६० नें गुणून ४० नें भागिलें म्हणजे ०.०९९ ग्रॅम अम्ल येतें. हें अम्ल मूळच्या अडीच मिलिलिटर शिरक्यांतील. म्हणून १०० मिलिलिटरांत त्याच्या चाळीसपट, म्हणजे ३.९६ ग्रॅम. ही बाटली नियमास उतरली. दुसरीस १२.५ मिलिलिटर लागले, तर त्याच गणितानें ३ ग्रॅम येतात. रंग व वास यांनीं जें लपविलें तें थेंबांनीं उघड केलें.

येथें विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. शंकुपात्र आंतून पाण्यानें ओलें असलें तरी बिघडत नाहीं. कारण पाण्यानें त्यांतील अम्ल वाढत नाहीं कीं घटत नाहीं. परंतु ब्यूरेट पाण्यानें ओली राहिली तर सोडा सौम्य होतो, तो अधिक लागतो आणि निकृष्ट शिरका चांगला ठरतो. म्हणून ती आधीं सोड्याच्याच द्रावणानें विसळावी. तसेंच सुमारें वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. घाईनें चार थेंब अधिक पडले तरी उत्तरांत शेकडा एकाहून अधिक फरक पडतो. यासाठीं तीनदां प्रयोग करावा, आणि वाचनें परस्परांशीं ०.१ मिलिलिटराच्या आंत जुळलीं तरच तीं ग्राह्य धरावीं.

हीं वाचनें जुळविण्याचा मोह मोठा असतो. शेजाऱ्याच्या वहींतील आंकडा पाहून आपला आंकडा बदलणें सोपें आहे, व त्यानें गुणहि मिळत असतील. पण उद्यां हाच विद्यार्थी अन्नाची, औषधाची किंवा गांवच्या पिण्याच्या पाण्याची परीक्षा करूं लागेल. त्या वेळीं त्याच्या आंकड्यावर अनोळखी माणसें विश्वास ठेवितील. शिरक्यांत पाणी घालणारा व वहींत आंकडा बदलणारा यांच्यांत अंतर फारसें नाहीं. पालकांनीं मुलांस उत्तर बरोबर आलें का असें विचारण्यापूर्वीं, जें दिसलें तेंच लिहिलें ना, असें विचारावें. हाच या प्रयोगांतील खरा धडा, असें आम्हांस वाटतें.