हेडफोन जुना, गादी नवी

हेडफोनचा आवाज पोकळ वाटायला लागला, बेस गेला, की आपलं निदान ठरलेलं असतं: "ड्रायव्हर उडाला, आता नवीन घे!" पण पुष्कळ वेळा ड्रायव्हर ठणठणीत असतो. दोषी असते ती कानाभोवतीची सोललेली गादी, म्हणजेच कुशन.

उदाहरणासाठी सोनीचा एमडीआर-७५०६ घेऊ. १९९१ सालचं हे मॉडेल, स्टुडिओत भरपूर वापरलं गेलेलं. ४० मिलिमीटरचा ड्रायव्हर, ६३ ओहम इम्पिडन्स. ड्रायव्हर वर्षानुवर्षं वाजतो, पण कुशनचं काळं आवरण त्याच्या खूप आधी पापुद्रे सोडायला लागतं. मग गालावर, कॉलरवर, उशीवर सगळीकडे काळा भुसा!

त्या आवरणाला आपण लेदर म्हणतो खरं, पण तो असतो कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. बारावीत एस्टरचं हायड्रोलिसिस मार्कांपुरतं पाठ केलेलं आठवतंय? तेच इथे घडतं. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमधले एस्टर बंध पाणी हळूहळू तोडतं, आणि तुटल्यावर तयार होणारं आम्ल पुढची तोडफोड आणखी जोरात करतं. त्यात घाम, केसांचं तेल आणि पावसाळ्यातली दमट हवा. म्हणून न वापरता खोक्यात जपून ठेवलेल्या हेडफोनचीही साल निघते. (कपाटात ठेवलेल्या बुटांचे सोल एक दिवस अचानक चुरा होतात, तेही याच कारणाने.) थोडक्यात, स्वस्त मिळतात म्हणून कुशनच्या चार जोड्या आणून ठेवण्यात अर्थ नाही.

आता बेस का जातो ते पाहू. सायकलचा पंप घ्या, तोंडावर अंगठा दाबा आणि दांडा ढकला. हवा दाबली जाते. अंगठा जरासा सैल ठेवून दांडा सावकाश ढकला, तर हवा फटीतून निसटते, दाब तयारच होत नाही. पण झटका मारलात तर निसटायला वेळ मिळत नाही आणि दाब जाणवतो. हेडफोनचा पडदा हा असाच दट्ट्या आहे. कान आणि कुशन मिळून हवेची बंद खोली तयार होते. तिला गळती लागली की सावकाश हालचाल, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सी, वाया जाते आणि वरचे सूर शाबूत राहतात. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी याला सरळ हाय-पास फिल्टर म्हणावं. तबला ऐकताना टिपरी स्पष्ट येते, पण डग्ग्याचा घुमारा गायब!

मग आपण काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. बेस तेवढ्याने परत येत नाही, कानावर मात्र मार बसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आयटीयू यांच्या २०१९ च्या मानकात मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास ही मर्यादा दिली आहे. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा, म्हणजे ८९ डेसिबलला फक्त ५ तास. शिवाय फुटक्या कुशनमधून बाहेर पडणारा आवाज रूममेटला फुकट ऐकावा लागतो, ते वेगळंच.

निदानाला खर्च शून्य. गाणं चालू ठेवून दोन्ही कप तळहातांनी कानावर हलकेच दाबा. बेस परत आला तर ड्रायव्हर निर्दोष, कुशन बदला.

७५०६ मध्ये कुशनला मागच्या बाजूने एक लवचिक पट्टी असते, ती कपाच्या कडेच्या खाचेत बसते. जुनी गादी कडेला धरून सावकाश ओढा, निघते. स्क्रूड्रायव्हर घुसवू नका, पडदा फारच नाजूक असतो. राहिलेला भुसा चिकटपट्टीने उचला. थिनर किंवा अ‍ॅसिटोन चुकूनही नको, प्लास्टिक विरघळतं. ड्रायव्हरवर स्पंजची पातळ चकती असेल तर ती होती तिथेच राहू द्या, तिच्यामुळेही आवाज बदलतो. नवी पट्टी एका टोकाला खाचेत अडकवा, तिथे अंगठा दाबून धरा आणि एक्स्पायर झालेल्या एटीएम कार्डाच्या कडेने बाकीची आत सारत जा. शेवटचा इंच त्रास देतो. ओढाताण करू नका, पट्टी फाटते. दुसरा कप निम्म्या वेळात होतो. काही हेडफोनात पट्टीऐवजी प्लास्टिकच्या क्लिपा किंवा दुहेरी चिकटपट्टी असते, तेव्हा आधी नीट बघा, मग ओढा.

मखमली कुशन घ्यावं का? उकाड्यात बरं वाटतं, पण कापडातून हवा जाते, त्यामुळे बेस थोडा कमी होतो. फार जाड कुशन घेतलंत तर ड्रायव्हर कानापासून लांब जातो आणि आवाजाची ओळखच बदलते. माझं मत विचाराल तर मूळ जाडीचंच घ्या. आणि चष्मेवाल्यांनो, काडीजवळ थोडी गळती राहणारच!

जाता जाता स्टाफसाठी एक विनंती. लँग्वेज लॅबमधले जे हेडसेट "आवाज बरोबर येत नाही" म्हणून राइट-ऑफच्या यादीत आहेत, त्यांची आधी तळहात-टेस्ट व्हावी. छोटी गोल कुशन मिलिमीटरमधल्या व्यासावर मिळतात, वर्कशॉपमधल्या व्हर्नियरने कप मोजला की झालं. मोजायला आमच्या विंगमधले चार-पाच जण शनिवारी दुपारी रिकामेच असतात.